अस्तर

कुणाच्याच दोन बाजू एका मापाच्या नसतात,
हे मी बाविसाव्या वर्षी शिकले
शहापुरात, काकूच्या मशीनच्या पायट्यावर.
गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.
डाव्या टक्समध्ये दोन दोरे सैल सोडायचे
आणि गप्प बसायचं.

माझं मला टेपनंच कळलं.
अनगोळच्या लग्नाचे चौदा ब्लाउज अडकलेले,
आरशापुढं एक कच्चा धागा घातलेला कट अंगाला लावला
तर डावी बाजू अर्धा इंच वर.
पुढच्या महिन्यात पाऊण.
बोटानं दाबलं. कवठ.

सहा वर्षांमागं गाठीबरोबर सगळंच काढलेलं,
आत सिलिकॉनची पिशवी बसवलेली,
मग पंचवीस वेळा लाईट.
सगळं नीट होतं की.
इतकं नीट की डावं-उजवं मीच विसरायची.
आता इस्त्री उचलली तरी आत काहीतरी मूठ आवळतं
आणि त्या कुशीवर झोप नाही.
एरंडेल चोळ, म्हणाली जाऊ.
चोळलं. कवठाला काय.

डॉक्टर हुक्केरींनी कागदावर वर्तुळ काढलं,
त्याभोवती दुसरं.
बाहेरची वस्तू आत आली, की शरीर तिच्याभोवती पडदा विणतं,
सगळ्यांचंच विणतं. तुमचा जाड झालाय, आकसलाय.
मी म्हटलं, म्हणजे अस्तर आटलं.
त्यांनी पेन थांबवलं.
न भिजवता लावलं की आटतंय बघा, डॉक्टर.
वरचं कापड चांगलंच असतंय,
ओढ आतनं बसते.

सोनोग्राफीत पिशवी फाटलेली नव्हती.
बाजूला थोडं पाणी, ते सुईनं काढून तपासायला धाडलं.
आठ दिवसांनी कळलं, त्यात काही वाईट नाही.
त्या आठ दिवसांत मी एकही काज केलं नाही.

मग ते म्हणाले, पडदा काढून नवी पिशवी घालता येते.
किंवा पाठीचं मांस फिरवून पुढं आणता येतं.
किंवा काहीच नको, सपाट.
लाईट लागलेली कातडी आहे,
पुन्हा आवळणार नाही असं मी लिहून देत नाही.

घरी येताना बसच्या पाटीवरची गावं
आधी कन्नडात वाचली, मग मराठीत.
बस तीच होती.
नवऱ्याला विचारलं नाही.
तो टपरीवर चहा घेऊन आला, दोन कप,
आणि नेहमीसारखा माझ्या उजव्या बाजूला बसला.
सहा वर्षं तो उजवीकडंच बसत होता,
हे मला त्या दिवशी दिसलं.

संमतीचा कागद कन्नडात.
नीलव्वा सिस्टरनं ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवला,
अर्धा तिच्या भाषेत, अर्धा माझ्या,
मधले काही शब्द दोघींचेच.
सही कुठल्या अक्षरात करू?
तुझी असेल ती कर, म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर मी बघायला मागितलं.
ट्रेमध्ये पिशवी,
आणि शेजारी तो पडदा,
खोबऱ्याच्या वाटीच्या पाठीसारखा, कुठं पांढरा, कुठं तपकिरी.
चांगला घट्ट विणलेला. उसवायला जड गेला असणार.
छातीवर हात ठेवला: पट्टी, मग बरगड्या.
उचकी आली. रडू नव्हतं, भुलीचं होतं,
असं मी सगळ्यांना सांगितलं.

कुशीतून नळी, नळीला बाटली,
बाटली गाउनला सेफ्टी पिनेनं टोचलेली.
चालताना ओढ बसायची.
दुसऱ्या दिवशी जावेकडून एक चिंधी मागवली, चौदाव्या ब्लाउजची,
जांभळी, काठाला मोर,
आणि सुईदोऱ्यानं थैली शिवली, गळ्यात अडकवायची.
नोवू इदेया? विचारलं नीलव्वानं.
स्वल्प.
मग ती थैलीकडं बघत राहिली.
सात नंबरच्या बाईलाही बाटली आहे, म्हणाली.
अकराला दोन.

आता महिन्यातून एकदा कापडं साठतात.
माझ्या स्वतःच्या ब्लाउजला डावा टक्स घालत नाही,
तेवढीच टीप वाचते.
थैल्यांची मापं मात्र नीलव्वा फोनवर सांगते,
अजून चुकीची सांगते,
नाडी लांब ठेव, लांब,
म्हातारी आहे, वाकून चालते.